सत्ताविसावा गडी

भाच्याच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलासमोरच्या भिंतीला एक पिवळट कागद टाचणीने टोचून ठेवलेला होता. वर्तमानपत्राचं कात्रण. त्यात ना छायाचित्र, ना ठळक मथळा. नुसती नावं आणि नावांपुढे बारीक आकड्यांच्या रांगा. मला आधी वाटलं, शेअर बाजाराचे भाव असावेत. पण बारा वर्षांचा मुलगा शेअरचे भाव भिंतीला कशाला लावील?

‘‘मामा, ओळख बघू, हे काय आहे?’’ त्याने विचारलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ताई गेली बरीच वर्षं अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ राहते. दाजी तिथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेलो होतो. भाचा मराठी बोलतो, वरणभात खातो, गणपतीत आरतीला टाळ वाजवतो. पण त्याचं दैवत मात्र बेसबॉल! आणि आमच्या घरात तर तीन पिढ्यांचं क्रिकेट. त्यामुळे मामा-भाच्याचा वाद पहिल्याच दिवशी सुरू झाला.

‘‘हा बॉक्स स्कोअर आहे,’’ तोच म्हणाला. ‘‘एका मॅचची सगळी गोष्ट यात आहे. मॅच बघायचीसुद्धा गरज नाही!’’

आता आपल्याकडे बेसबॉल फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. या खेळात नऊ डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात. तीन गडी बाद झाले की त्या डावातली त्या संघाची पाळी संपली. म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाचे बाद होतात सत्तावीस. चेंडू फेकणाऱ्याला म्हणतात पिचर. समोरच्या संघाचा एकही माणूस पहिल्या बेसवरसुद्धा पोचू न देता या पिचरने सत्तावीसच्या सत्तावीस बाद केले, तर त्या सामन्याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. हे किती अवघड असावं? तिथल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये आजवर दोन लाखांहून जास्त सामने झाले. त्यांत परफेक्ट गेम २०२३ सालापर्यंत फक्त २४ झाले. पहिला झाला तो १८८० साली.

भिंतीवरचं कात्रण होतं २ जून २०१० या दिवशीच्या सामन्याचं. डेट्रॉइट टायगर्स विरुद्ध क्लीव्हलँड इंडियन्स. (हे ‘इंडियन्स’ म्हणजे आपण नव्हे हं! त्या संघाने पुढे २०२२च्या मोसमापासून ते नाव बदलून ‘गार्डियन्स’ केलं.) मैदान डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क. प्रेक्षक १७,७३८. खेळाला लागलेला वेळ, एक तास चव्वेचाळीस मिनिटं. डेट्रॉइट ३, क्लीव्हलँड ०.

भाच्याने बोट ठेवून मला वाचायला शिकवलं. क्लीव्हलँडच्या नऊ जणांची नावं एकाखाली एक. प्रत्येकापुढे पहिला आकडा किती वेळा बॅटिंगला आला त्याचा, मग धावा, मग हिट.

‘‘आता बघ मामा. सगळ्यांपुढे तीन-तीन आहेत. नऊ त्रिक सत्तावीस. पण पहिल्या बॅटरपुढे चार आहेत! का?’’

मी शाळकरी मुलासारखा विचार करू लागलो. ‘‘म्हणजे अठ्ठावीस वेळा कुणीतरी बॅटिंगला आलं. सत्तावीस बाद झाले, म्हणजे एक जण बाद झाला नाही.’’

‘‘करेक्ट! तो कोण?’’

हिटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं होती. शून्य, शून्य, शून्य... आणि अगदी तळाशी, नवव्या नावापुढे, एक.

‘‘जेसन डोनाल्ड,’’ मी वाचलं.

‘‘हो. पण मामा, तो आऊट होता!’’ भाच्याचा आवाज असा चढला, जणू हे सगळं कालच घडलं होतं. खरं तर तेव्हा तो जन्मालासुद्धा आला नव्हता.

जेवणं झाल्यावर दाजींनी सगळी हकीकत सांगितली. डेट्रॉइटचा पिचर होता अर्मांडो गॅलारागा. व्हेनेझुएलाचा, २८ वर्षांचा. कुणी मोठा तारा नव्हे. त्या मोसमाच्या सुरुवातीला तो मुख्य संघातही नव्हता, दुय्यम संघातून नुकताच वर आला होता. त्या संध्याकाळी मात्र एकामागून एक गडी परतू लागले. आठ डाव झाले. चोवीस बाद. नवव्या डावात पहिल्याच बॅटरने चेंडू मैदानाच्या खोल कोपऱ्याकडे उंच टोलवला. ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरं धावत जाऊन तो अफलातून पकडला. पंचवीस! पुढचाही गेला. सव्वीस! अख्खं मैदान उभं राहिलं.

सत्ताविसावा डोनाल्ड. त्याने चेंडू जमिनीवरून मारला आणि पहिल्या बेसकडे धूम ठोकली. मिगेल काब्रेराने चेंडू अडवला आणि बेस सांभाळायला धावलेल्या गॅलारागाकडे फेकला. गॅलारागाने तो झेलला, बेसवर पाय ठेवला. डोनाल्ड अजून एक पाऊल मागे. झालं! आपल्या भाषेत सांगायचं तर फलंदाज क्रीजच्या बाहेर असताना स्टंप उडालेले. स्वच्छ धावचीत.

आणि पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात बाजूला पसरले. सेफ!

काब्रेराने डोक्यावर हात मारून घेतले. डोनाल्डचेही हात डोक्याकडे गेले. गॅलारागाने काय केलं? त्याने पंचाकडे पाहिलं आणि तो हसला. छद्मी नव्हे, कडवट नव्हे, साधं हसला. चेंडू घेऊन परत आपल्या जागेवर गेला आणि पुढच्या ट्रेव्हर क्रोला बाद करून त्याने सामना संपवला. म्हणून त्या क्रोच्या नावापुढे चाराचा आकडा!

जॉइस साधासुधा पंच नव्हता. वीसहून जास्त वर्षांचा अनुभव, खेळाडूंमध्ये मान. सामन्यानंतर आत जाऊन त्याने चित्रफीत पाहिली आणि तो कोसळला. त्याने वार्ताहरांना सरळ सांगून टाकलं की चूक माझीच, त्या मुलाचा परफेक्ट गेम मी घालवला. मग गॅलारागाला भेटून, रडत रडत त्याची माफी मागितली. गॅलारागाने त्याला मिठी मारली. चुका कुणाच्या हातून होत नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी तो वार्ताहरांशी बोलला.

दुसऱ्या दिवशी त्याच दोन संघांचा पुन्हा सामना होता. सुट्टी घ्यायची मुभा असूनही जॉइस मैदानात उतरला. सामन्यापूर्वी दोन्ही संघ आपल्या खेळाडूंची यादी पंचाच्या हाती देतात. डेट्रॉइटचे व्यवस्थापक जिम लेलँड यांनी त्या दिवशी ती यादी गॅलारागाच्या हाती पाठवली. जॉइसने यादी घेतली, डोळे पुसले, गॅलारागाच्या खांद्यावर थाप मारली आणि खेळ सुरू झाला.

‘‘आणि निकाल?’’ मी विचारलं. ‘‘पंच स्वतःच कबूल करतोय, मग नोंद बदलायला काय हरकत होती?’’

‘‘तेच तर!’’ दाजी म्हणाले. ‘‘मिशिगनच्या गव्हर्नरबाईंनी सरकारी पत्रक काढून तो परफेक्ट गेम असल्याचं जाहीर केलं. मोटार कंपनीने गॅलारागाला लाल कॉर्व्हेट गाडी दिली. पण बेसबॉलचे कमिशनर बड सेलिग यांनी निकाल बदलला नाही. २०१४ पासून अशा निर्णयांची चित्रफितीवरून तपासणी सुरू झाली. त्याचा त्याला काय उपयोग? वहीत एक हिट आहे, ती आहे.’’

त्या रात्री मला झोप येईना. प्रवासाचा शीण, वेळेतला फरक, ही कारणं होतीच. पण खरं कारण वेगळं होतं. डोळ्यांसमोर सारखी दुसरीच एक वही येत होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, आमच्या सांगलीच्या घरातल्या कपाटातली.

माझे वडील, अण्णा, सरकारी कचेरीत कारकून होते. पण त्यांची खरी नोकरी रविवारची! पांढरा कोट, टोपी, खिशात सहा गारगोट्या. गावातल्या सामन्यांना पंच म्हणून अण्णाच हवेत, असा आग्रह असे. ते कुणाचा चहासुद्धा घेत नसत. मी लहान असताना त्यांच्याबरोबर जायचो आणि गुणलेखकाच्या टेबलाशी बसायचो. निर्धाव चेंडूचा ठिपका देण्याचा मान कधीकधी मला मिळायचा.

१९९८ सालचा हिवाळा. मी नऊ वर्षांचा. जिल्ह्याच्या संघासाठी निवड-सामना चालू होता. आमच्या आळीच्या टोकाला राहणाऱ्या सुताराचा मुलगा खेळत होता. वय सतरा-अठरा, डावखुरा. दुसऱ्याच्या बॅटने खेळत होता, पण काय खेळत होता! ४६ झाल्या. एक चेंडू त्याने कव्हरमधून ढकलला आणि दुसऱ्या धावेसाठी तो अण्णांच्या टोकाकडे धावला. फेक आली, गोलंदाजाने चेंडू घेतला, बेल पडल्या, आरडाओरडा झाला. अण्णांचं बोट वर गेलं.

मुलगा क्षणभर थांबला. अण्णांकडे त्याने पाहिलं. मग बॅट काखेत मारून चालू लागला.

संध्याकाळी मैदानाबाहेर सायकलचं कुलूप काढत असताना तो गोलंदाज हसत हसत आमच्याजवळ आला. ‘‘अण्णा, काय नशीब बघा आमचं! बेल माझ्या गुडघ्यानंच पडली होती. चेंडू नंतर आला.’’

अण्णा काही बोलले नाहीत. रात्री ताटावरून अर्ध्या भाकरीवर उठले. आईने विचारलं तर म्हणाले, ‘‘ऊन लागलंय.’’ डिसेंबर महिन्यात!

तो मुलगा निवडला गेला नाही. एका निर्णयामुळेच गेला नाही, असं कोण सांगणार? पण पुढच्या वर्षी त्याने खेळणं सोडलं आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला, एवढं खरं. वहीत नोंद राहिली, धावचीत ४६. पुढे स्पर्धा बंद पडली, गुणलेखक वारले आणि त्यांच्या घरच्यांनी ती वही अण्णांकडे आणून दिली. अण्णांनी ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. त्या धावचीतविषयी आमच्या घरात पंचवीस वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही. मला सगळं माहीत होतं, हे अण्णांनाही माहीत होतं.

परत आल्यावर एका दुपारी मी अण्णांना फोनमध्ये काढून आणलेलं ते कात्रण दाखवलं. अण्णांचं वय आता सत्तरीच्या पुढे. चष्मा लावून त्यांनी आकडे न्याहाळले. बेसबॉलचा गंध नाही, पण गुणपत्रक म्हटल्यावर त्यांची नजर आपोआप रकान्यांतून फिरू लागली. आणि यात नवल नाही! हा बॉक्स स्कोअर मुळात क्रिकेटच्याच पोटातून आलाय. हेन्री चॅडविक नावाचा इंग्लंडमध्ये १८२४ साली जन्मलेला मुलगा आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला गेला. मोठा होऊन तो वर्तमानपत्रांत क्रिकेटचे वृत्तान्त लिहू लागला. पुढे बेसबॉलच्या प्रेमात पडला आणि क्रिकेटच्या गुणपत्रकाच्या धर्तीवर त्याने बेसबॉलचा तक्ता बेतला, १८५९ सालच्या सुमाराला. चेंडू न लागताच बाद होणाऱ्या खेळाडूपुढे इंग्रजी ‘के’ लिहायची पद्धतही त्याचीच. आयुष्यात व्यावसायिक बेसबॉल न खेळलेल्या या वार्ताहराला १९३८ साली बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत जागा मिळाली, ती वही-पेन्सिलीच्या जोरावर!

अण्णांची नजर तळाशी येऊन थांबली. ‘‘हा एक कुठला?’’

मी सांगितलं. सव्वीस बाद, सत्ताविसावा, पसरलेले हात, सगळं. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, ‘‘भाऊसाहेबांसारखं झालं.’’

भाऊसाहेब म्हणजे निंबाळकर, कोल्हापूरचे. आमच्या भागात हे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. डिसेंबर १९४८मध्ये पुण्याला, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना ते ४४३वर नाबाद होते. ब्रॅडमनचा विश्वविक्रम होता नाबाद ४५२चा. तो मागे टाकायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या. मध्यंतर झालं आणि काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला! गुणपत्रक सांगतं, निंबाळकर नाबाद ४४३. भारतीय खेळाडूची प्रथम श्रेणीतली ही सर्वांत मोठी खेळी अजूनही आहे. त्या दहा धावा का झाल्या नाहीत, हे मात्र धावांच्या रकान्यात लिहिलेलं नाही. निंबाळकर २०१२ साली गेले. कसोटी सामना त्यांच्या वाट्याला एकही आला नाही.

‘‘भाऊसाहेबांना दुसऱ्यांनी अडवलं,’’ मी म्हणालो. ‘‘इथे पंचाने चूक केली. पण अण्णा, त्या पंचाने त्याच रात्री जाऊन सांगितलं.’’

बोललो आणि जीभ चावली. अण्णांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि ते उठून आत गेले. वाटलं, आपण उगाच बोललो. बापाला असं टोचायचं असतं का?

पण पुढच्या रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. ‘‘चल, जरा जाऊन येऊ.’’ कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तो सुताराचा मुलगा आता त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा गृहस्थ आहे. स्वतःचं दुकान आहे, शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या आणि वार्निशचा वास यांत तो बसला होता. अण्णांना पाहून उठला. ‘‘या अण्णा! मोटार बिघडली काय?’’

‘‘नाही रे.’’ अण्णा स्टुलावर बसले. हात थरथरत होते. ‘‘तुला एक सांगायचं राहिलंय. अठ्ठ्याण्णव सालचं. तो निवडीचा सामना... तू आऊट नव्हतास.’’

दुकानात टेबलपंखा तेवढा फिरत होता. तो गृहस्थ हातातला पक्कड पुसत राहिला.

‘‘मला माहीत होतं, अण्णा,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘मी क्रीजच्या आत होतो, मला कळलं की. पण मला वाटायचं, तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला तसंच दिसलं असणार, म्हणून दिलं असणार. अण्णा खोटं देणार नाहीत, असं मीच पोरांना सांगायचो.’’

अण्णांची मान खाली गेली. ‘‘मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.’’

यावर तो बराच वेळ गप्प होता. मग अगदी शांतपणे, राग न आणता म्हणाला, ‘‘तेव्हा सांगायला हवं होतं तुम्ही. संघात घेतलं असतं-नसतं, ते जाऊ द्या. पण आमचे वडील दोन वर्षं म्हणायचे, धावायची अक्कल नाही तर खेळतोस कशाला? त्यांना तरी सांगता आलं असतं. ते गेले आता.’’

अण्णा काय बोलणार? दोन्ही हात जोडून ते बसून राहिले. त्या गृहस्थाने पुढे होऊन ते हात खाली केले. ‘‘असं नका करू अण्णा. तुम्ही मोठे आहात.’’ मग त्याने पोराला हाक मारून चहा सांगितला. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खेळाडूच्या हातचा चहा घेतला नव्हता, त्याने तो बशीत ओतून प्यायला.

निघताना त्याने विचारलं, ‘‘वही आहे अजून?’’

‘‘आहे. धावचीत ४६ लिहिलंय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तू म्हणशील तर खोडतो.’’

तो हसला. ‘‘नको. राहू द्या. त्या दिवशी बोट वर गेलं होतं, तेच लिहिलंय गुणलेखकानं. त्या बिचाऱ्यानं काय चूक केली?’’

मी बातमीदारीच्या धंद्यातला माणूस. पदविकेच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की आकडा चुकला तर बातमी मेली. आकड्यावर माझा विश्वास आहे, अजूनही आहे. वहीत नोंद चोख हवीच. पण भिंतीवरच्या कात्रणातला तो एकाचा आकडा चोख असूनही खरा नव्हता, आणि आमच्या कपाटातला ४६चाही. गॅलाराग्याच्या नशिबाने त्याच्या पंचाला एक रात्र लागली. आमच्या अण्णांना पंचवीस वर्षं लागली, आणि त्या उशिराची किंमत त्यांनी नाही, दुसऱ्याच कुणीतरी भरली. मीही गप्प राहिलो होतो. त्यात माझाही वाटा आहेच.

घरी आल्यावर अण्णांनी मला त्या बॉक्स स्कोअरची प्रत काढून आणायला सांगितली. कपाटातून लाल वही काढली, ते पान उघडलं. मला वाटलं, आता पेन मागतील. पण त्यांनी काहीही खोडलं नाही, काहीही लिहिलं नाही. कागदाची नीट घडी घालून ती त्या पानात ठेवली आणि वही मिटली.

रात्री जेवताना आईने विचारलं, ‘‘आणखी अर्धी वाढू का?’’

अण्णा म्हणाले, ‘‘वाढ.’’